नुसतं ‘फॉल्ट’ नको, ओळ सांग!

नालासोपाऱ्याला लोकलमध्ये कसंबसं चढून वसईचं कॉलेज गाठायचं, लॅबमध्ये सी प्रोग्रॅम रन करायचा आणि स्क्रीनवर काय? ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. बस्स! अर्थ साधा आहे: प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वापरायला घेतली. पण कुठे? त्याचं उत्तरच नाही. गाडी मध्येच थांबावी आणि अनाउन्समेंटही नसावी, तसं हे.

२०१३ मध्ये आलेल्या जीसीसी ४.८ कंपायलरने यात दोन सोयी आणल्या. एक, चुकलेल्या जागेखाली ‘^’ ही खूण. दुसरी, ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’. आज तो आणि डीबग माहिती चालू ठेवून कंपाइल केलं, तर मेमरीची बहुतेक गडबड फाइल आणि ओळ नंबरासकट दिसते. प्रोग्रॅम थोडा हळू चालतो, एवढंच. ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ म्हणण्याआधी एकदा करून तर बघा!