‘टेक ऑफ’ म्हणजे फक्त उड्डाण नव्हे

‘टेक ऑफ’ म्हणजे विमानाचे उड्डाण, हे समीकरण मराठी माणसाच्या मनात घट्ट बसलेले आहे. पनवेल तालुक्यात तर ते आणखी पक्के होणे साहजिक आहे. तिथल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. पण उड्डाण हा या क्रियापदाच्या अनेक अर्थांपैकी एक आहे, आणि वयाने बराच धाकटा आहे.

राइट बंधूंचे विमान हवेत गेले ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, १७५५ साली, सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत जड जाते, असे त्याने प्रस्तावनेतच नोंदवले आणि काही नमुने दिले. त्या नमुन्यांत ‘टेक ऑफ’ आहे. त्याचा अर्थ तिथे दिला आहे नक्कल करणे.

दुसरा गैरसमज शिकवण्यातून येतो. ‘टेक’ म्हणजे घेणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर किंवा बंद, तेव्हा दोन्हींची बेरीज केली की अर्थ निघतो, असे मुले धरून चालतात. चपला, टोपी, चष्मा काढण्यापुरती ही बेरीज जुळते. नक्कल करणे, घाईने निघून जाणे, धंद्याने जोर धरणे हे अर्थ मात्र तिच्यातून निघत नाहीत. अशी जोडी अखंड शब्द म्हणूनच शिकावी लागते.

मराठीत असा प्रकार नाही, ही समजूत तर साफ चुकीची आहे. ‘काढणे’ हे एकच क्रियापद पाहावे. मराठी माणूस चपला काढतो, रजा काढतो, पोलीस दिसताच चोर पळ काढतो, आणि नकलाकार पुढाऱ्याचा हुबेहूब आवाज काढतो. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘टेक ऑफ’ चालते. रजेसाठी फक्त मध्ये दिवस घालावा लागतो: ‘टेक अ डे ऑफ’. पुढे मात्र दोन्ही भाषांच्या वाटा फुटतात. फोटो काढणे, भांडण उकरून काढणे, कडधान्याला मोड काढणे यांत ‘टेक ऑफ’ कुठेच बसत नाही. ‘नाव काढणे’ घ्या. मुलाने आईबापांचे नाव काढले तर कौतुक, यादीतून कोणी नाव काढले तर भांडण. शब्द तेच, अर्थ उलटे, आणि मराठी मूल ते व्याकरण न शिकता बिनचूक वापरते. ‘टेक ऑफ’ शिकवताना उड्डाणाऐवजी ‘काढणे’पासून सुरुवात केली तर निम्मे काम आधीच झालेले असते.

समानार्थी शब्दांची यादी पाठ केली की काम भागते, हाही भ्रम आहे. ‘रिमूव्ह’, ‘डिपार्ट’, ‘मिमिक’, ‘डिडक्ट’ हे चारही शब्द ‘टेक ऑफ’चे समानार्थी म्हणून दिले जातात, पण ते एकमेकांचे कोणीच नाहीत. ‘रिमूव्ह’ चपलांच्या अर्थाशी जुळतो, ‘डिडक्ट’ किमतीतून रक्कम वजा करण्याशी, ‘मिमिक’ नकलेशी. ‘डिपार्ट’ची गंमत पनवेल स्थानकावर कळते. फलाटावरून लोकल सुटते तेव्हा इंग्रजीत ‘डिपार्ट’ किंवा ‘लीव्ह’ म्हणतात. लोकलने ‘टेक ऑफ’ केले असे म्हणत नाहीत. उलट, सकाळची एखादी लोकल ‘टेकन ऑफ’ झाली असे कोणी लिहिले, तर ती गाडी वेळापत्रकातून काढून टाकली, असा अर्थ होईल. ती सुटली असे समजून फलाटावर धावणाऱ्याचा दिवसच बिघडायचा. जमीन सोडून वर जाण्याचा अर्थ विमानाला लागतो, तसाच कर्नाळ्याच्या अभयारण्यातल्या पक्ष्यालाही. रुळांवरच्या गाडीला नाही.

विरुद्धार्थी शब्दही असाच अर्थागणिक बदलतो. कपड्यांसाठी ‘पुट ऑन’, विमानासाठी ‘लँड’. नकलेच्या अर्थाला विरुद्धार्थी शब्द शोधणेच व्यर्थ आहे.

अशी क्रियापदे बोलण्यापुरती असतात, गंभीर लेखनात ती शोभत नाहीत, असेही सांगितले जाते. अर्थशास्त्राचे विद्यार्थी याच्या उलट पुरावा देऊ शकतील. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रोस्टो याने १९६० साली आर्थिक वाढीचे टप्पे मांडले. त्यांतल्या निर्णायक टप्प्याला त्याने नाव दिले ‘टेक-ऑफ’. ब्रिटनचा हा टप्पा त्याने १७८३ ते १८०२ असा धरला, भारताचा १९५२ पासून. मराठीत त्याला उड्डाणाची अवस्था म्हणतात. रोस्टोच्या सिद्धांतावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, पण शब्द हलका आहे म्हणून नव्हे.

शब्दांचा क्रम मनाला येईल तसा ठेवता येतो, ही समजूत परीक्षेत गुण घालवते. ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’ दोन्ही बरोबर. बुटांच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ चूक. विमानाच्या अर्थी कर्मच नसते, म्हणून मध्ये काही घालायचा प्रश्नच येत नाही.

शेवटची चूक मराठीतून इंग्रजीत जाते. ‘विमानाने टेक ऑफ घेतला’ हे मराठी वाक्य रुळलेले आहे आणि त्यात दोष काढायचे कारण नाही. मराठीने तो शब्द नाम म्हणून घेतला आणि त्याला आपले क्रियापद लावले. तेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले की ‘टुक टेक ऑफ’ असे होते, म्हणजे ‘घेणे’ दोनदा येते. इंग्रजीत क्रियापद दोन सुटे शब्द असते आणि बोलताना जोर ‘ऑफ’वर पडतो, नाम संयोगचिन्हाने किंवा जोडून लिहितात आणि जोर ‘टेक’वर येतो. विमानासाठी इंग्रजीत ‘द प्लेन टुक ऑफ’ एवढेच पुरते.