करवतीच्या पात्याएवढी फट

पावसाळी सकाळी पद्मिनी सेल्फवर नुसती कण्हत राहिली की शेजारीपाजारी धक्का मारायला उतरायचे आणि मालक बॉनेट उघडून डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण पुसायला घ्यायचा. एवढं करूनही गाडी मिसिंग करत असली, तर पाळी प्लगांची.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून निघालेली फियाट 1100 डिलाइट पुढे पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, चार प्लग. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. हौसेनं जपलेल्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्यांच्या प्लगांचा गॅप हातानंच लावावा लागतो.

गॅप म्हणजे मधला इलेक्ट्रोड आणि त्यावर वाकलेला बाजूचा, यांच्यातली फट. कॉइल-प्लॅटिनमच्या, म्हणजे कॉन्टॅक्ट पॉइंटच्या, जुन्या गाड्यांत ती साधारण 0.6 मिमी. फिलर गेज हाताशी नसलं तर जुने मिस्त्री हॅक्सॉचं पातं घालून बघतात. त्यांना हसू नये. हातकरवतीचं पातं जवळपास 0.63 मिमी जाडीचं असतं. फक्त दात्यांची कड घालायची नाही, ती नागमोडी असते. पातं किंचित घासत सरकलं की गॅप बरोबर. कमी-जास्त करायचा तर बाजूचाच इलेक्ट्रोड वाकवायचा. मधल्यावर जोर दिला की आतली चिनीमाती तडकते, आणि ती तडक डोळ्यांना दिसतेच असं नाही.

फट बारीक असली की ठिणगी आखूड पडते आणि गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते. मोठी असली की ती ओलांडायला कॉइलची ताकद पुरत नाही. सपाटीवर कळत नाही, पण घाटात पाय दाबला की सिलिंडरातला दाब वाढतो आणि गाडी आचके देते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा एकेक प्लग सेकंदाला 25 ठिणग्या टाकतो. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा कण खाते. म्हणून चालत्या गाडीत फट वाढतच जाते.

नवे प्लग घेताना आकड्यांनी फसू नका. बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या, पद्धतीत मोठा आकडा गरम प्लगाचा. एनजीकेच्या पद्धतीत नेमकं उलट. आणि डब्यातून काढलेला प्लगही मोजल्याशिवाय लावू नये.

बसवण्याच्या कामात मी एकदा आपटलो आहे. घाईत पहिल्यापासून पानाच लावला. प्लग तिरका शिरला, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आटे गेले. अर्ध्या तासाच्या कामापायी हेड उतरवावं लागलं. तेव्हापासून पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून त्यानंच फिरवतो. प्लग तिरका गेला तर नळी घसरते, आटे वाचतात. प्लग टेकला की मग पाना, आणि वॉशर नवा असेल तर फार तर अर्धा फेरा. इंजिन गार हवं. प्लग काढण्याआधी भोवतालची माती फुंकून टाकायला हवी, नाहीतर ती थेट सिलिंडरात जाते.

आता निघालेले जुने प्लग. गॅरेजवाला ते भंगाराच्या डब्यात टाकतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन सुखी. कोरडी काळी काजळी म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल जास्त देतोय किंवा चोक अडकलाय. ओलं तेलकट काळं म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाइड झिजले. पांढरंफटक म्हणजे इंजिन तापतंय, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. चारांपैकी एकच वेगळा दिसला, तर दुखणं त्या सिलिंडरापुरतं.

तेव्हा पुढच्या खेपेला एक पुठ्ठा घ्या, त्याला चार भोकं पाडा, एक ते चार आकडे लिहा आणि काढलेला प्रत्येक प्लग त्याच्या भोकात उभा करा. मिस्त्रीला आधी तो पुठ्ठा दाखवा, मग बिलाचं बोला.