घटस्फोटानंतरचा देण्याघेण्याचा हिशेब

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला म्हणजे उभयतांमधील सर्व देणेघेणे संपले, ही समजूत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात जितकी दृढ आहे, तितकीच दृढ अशी दुसरी समजूत तिच्या शेजारी सुखाने नांदत असते. ती ही की, घटस्फोटित स्त्रीचा पूर्वपतीच्या निम्म्या मालमत्तेवर हक्क पोहोचतो. या दोन परस्परविरुद्ध समजुती पुष्कळदा एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच बैठकीत ऐकावयास मिळतात, आणि माझ्या मते दोहोंचे मूळ एकच आहे : पोटगी म्हणजे अपराध्याला केलेला दंड किंवा निरपराध्याला दिलेले बक्षीस, असे लोक मनोमन धरून चालतात. कायदा मुख्यतः दोनच गोष्टी पाहतो, मागणाऱ्याची गरज आणि देणाऱ्याची ऐपत. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे बाकीचे बरेचसे गैरसमज आपोआप सैल होतात.

पहिला आक्षेप येतो तो दोषाचा. घर सोडून तीच गेली, न्यायालयानेही तिने केलेल्या त्यागामुळेच विवाहविच्छेद मंजूर केला, मग पोटगी कसली, असा प्रश्न पूर्वपती आणि त्याहूनही अधिक आवेशाने त्याचे नातलग विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली नेमक्या याच प्रश्नाचा निवाडा केला. सबळ कारणावाचून नांदण्यास नकार देणाऱ्या पत्नीचा हक्क कायदा नाकारतो, तो विवाह टिकून असेतोवर. विवाहच संपला आणि नांदण्याचे बंधन उरले नाही, म्हणजे तिचा विचार पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री म्हणून होतो, आणि स्वतःचा निर्वाह करण्यास ती असमर्थ असेल तर पोटगी मिळते. ही तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 125 म्हणून प्रसिद्ध होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाली आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायमची पोटगी ठरविताना उभयतांचे वर्तन पाहिले जाते हे खरे, परंतु ते अनेक विचारांपैकी एक म्हणून. शिवाय हा अर्ज हुकूमनाम्याच्या वेळीच केला पाहिजे असेही नाही, तो नंतरही करता येतो.

पोटगी ही केवळ स्त्रियांसाठीच असते, हा दुसरा समज. हिंदू विवाह कायद्यातील अंतरिम पोटगीचे कलम 24 आणि कायमच्या पोटगीचे कलम 25 ही दोन्ही पती व पत्नी असा भेद करीत नाहीत. नांदेडच्या एका प्रकरणात, घटस्फोट होऊन वर्षे लोटल्यावर, शिक्षिका असलेल्या पूर्वपत्नीने निर्धन पूर्वपतीला दरमहा 3,000 रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2022 साली कायम केला, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. वस्तुतः त्यात नवे काही नव्हते. मौज अशी की, याच जोडप्याने 1954 च्या विशेष विवाह कायद्यान्वये नोंदणी पद्धतीने लग्न केले असते, तर त्या पतीला असा अर्जच करता आला नसता, कारण तेथे हा हक्क पत्नीपुरताच ठेवला आहे.

रकमेविषयी तर प्रत्येकाच्या मनात एक आकडा पक्का बसलेला असतो. कोणी पगाराचा तिसरा हिस्सा सांगतो, कोणी चौथा, आणि 2001 पूर्वीच्या काळातील एखादे वृद्ध कारकून अजूनही दरमहा 500 रुपयांच्या मर्यादेचा हवाला देतात; ती मर्यादा त्या वर्षीच्या दुरुस्तीने नाहीशी झाली. चौथ्या हिश्श्याचा समज 2017 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून पसरला. पतीच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम वाजवी होय, असे त्यात म्हटले होते. पण एका खटल्यातील वाजवी आकडा हा सर्व खटल्यांचा नियम नव्हे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात उगम पावलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत कोणतेही ठरीव प्रमाण नाही. उभय पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे सविस्तर शपथपत्र दाखल करावे, विवाहकाळातील राहणीमान, वय, प्रकृती, मुलांची जबाबदारी, संसारासाठी सोडलेली नोकरी यांचा विचार व्हावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे त्यात सांगितले आहे. पत्नी मिळवती आहे एवढ्याच कारणाने तिचा हक्क बुडत नाही, तसाच धडधाकट पतीने नोकरी सोडली म्हणून त्याची जबाबदारीही टळत नाही. उलट, विभक्त झाल्यानंतर पूर्वपतीने जे वैभव संपादन केले असेल त्याच्याशी बरोबरी व्हावी, ही अपेक्षाही डिसेंबर 2024 च्या निकालात अमान्य झाली. तो उद्या कंगाल झाला असता तर तीही बरोबरी मागितली असती काय, हा न्यायालयाचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

येथेच निम्म्या मालमत्तेच्या समजुतीचा निकाल लागतो. हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेच्या अर्ध्या वाटणीची तरतूद नाही. अपवाद गोव्याचा : 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तेथील व्यवस्थेत, विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक ठरते व प्रत्येकाचा त्यात निम्मा भाग असतो. सावंतवाडीच्या माणसाने शेजारच्या पेडण्याचा दाखला आपल्या खटल्यात देऊन उपयोग नाही. स्त्रीधनाची गोष्ट मात्र वेगळी. ते तिचेच असते, आणि ते परत करणे म्हणजे पोटगीत सवलत नव्हे.

मुस्लिम स्त्रीला इद्दतीपलीकडे, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकाळापलीकडे, काही मिळत नाही, हा समज 1985 च्या शाहबानो प्रकरणानंतर जो रुजला, तो अद्याप पुरता गेलेला नाही. इंदूरच्या त्या वृद्धेला दंडाधिकाऱ्याने दरमहा 25 रुपये दिले, उच्च न्यायालयाने त्याचे 179 रुपये 20 पैसे केले, आणि तेवढ्या रकमेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने तिच्या बाजूने निर्णय दिला. पुढे संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांविषयीचा 1986 चा कायदा केला, व तो निर्णय पुसला गेला असे लोक धरून चालले. परंतु 2001 साली न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की, इद्दतीच्या मुदतीत पतीने तिच्या पुढील आयुष्याची न्याय्य तरतूद करावयाची आहे. आणि 10 जुलै 2024 रोजी कलम 125 घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही खुले असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले.

वसुलीच्या बाबतीत काही बिलंदर लोक असे मानतात की, थकबाकीपोटी तुरुंगात महिना काढला म्हणजे ती फिटली. कैद ही वसुलीची सक्ती आहे, फेड नव्हे. बाहेर आल्यावरही रक्कम उभीच असते. दिवाणी हुकूमनाम्यातील पोटगीसाठी तर पगाराचा फक्त एकतृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो, जी सवलत सामान्य सावकाराच्या ऋणकोला मिळते त्याहून पुष्कळच कमी.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात एकरकमी पोटगी देऊन कायमचा दाखला घेण्याची प्रथा वाढली आहे, आणि ती व्यवहार्यही आहे. मात्र त्या अटींत मुलांच्या निर्वाहावर पाणी सोडण्याचा अधिकार आईला नाही, कारण तो हक्क मुलांचा आहे. आईने पुनर्विवाह केला तरी बापाची मुलांविषयीची जबाबदारी कायम राहते. तिची स्वतःची पोटगी फौजदारी प्रक्रियेखाली पुनर्विवाहाने संपते. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र दुसऱ्या पक्षाने अर्ज करून आदेश बदलून घ्यावा लागतो, परस्पर पैसे थांबविले तर थकबाकी साचते.

राहता राहिल्या कागदोपत्री बाबी. मुंबई उच्च न्यायालयाने एका संस्थानी घराण्यातील स्त्रीच्या प्रकरणात ठरविल्याप्रमाणे, एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती असल्याने करपात्र नाही, मासिक पोटगी मात्र उत्पन्न आहे. देणाऱ्याला वजावट दोन्हींत नाही. घटस्फोटित पत्नीला मृत्युपत्राअभावी पूर्वपतीचा वारसा नाही, व सरकारी कुटुंबनिवृत्तिवेतनही नाही. मुलांचे हक्क अबाधित राहतात. विमापत्रावरील नामनिर्देशन हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही, ते स्वतः बदलावे लागते. आणि सदनिकेचे कर्ज दोघांच्या नावे असेल, तर ते कोणी फेडावयाचे हे उभयतांनी न्यायालयापुढे ठरविले तरी बँक त्या कराराची पक्षकार नसते. हप्ता चुकला की ती दोघांनाही नोटीस धाडते, म्हणून नाव काढून घेण्याची बँकेची लेखी संमती अटींवर सही करण्यापूर्वीच मिळवावी.