विषांश मोजणारीं यंत्रें व त्यांचे आंकडे

डोणगाव परिसरांतील सोयाबीन असो वा नाशिककडील द्राक्षें असोत, फवारलेल्या औषधाचा किती अंश मालांत उरला यावर त्याची परदेशची विक्री ठरते. इ. स. २०१० मध्यें युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट द्रव्याचा अंश मर्यादेबाहेर आढळला, माल अडकला व बागाइतदारांचें मोठें नुकसान झालें. ती मर्यादा २० किलो द्राक्षांत अवघी १ मिलिग्रॅम होती. इतकें सूक्ष्म वजन करणारे दोन प्रयोगशाळांचे कांटे जुळतात काय, ही शंका साहजिक आहे.

हा कांटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. फळांचा अर्क हजारों व्होल्ट दाबाच्या बारीक सुईंतून फवारला जातो. उष्ण वायूनें तुषार सुकून फुटतात व विद्युद्भारित कण उरतात. ते निर्वात पोकळींत ओढून वजनवार मोजले जातात. ही युक्ति सिद्ध करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन फेन यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु सर्व द्रव्यें सारखीं भारित होत नाहींत. क्लोरमेक्वाटवर भार मूळचाच असतो, म्हणून त्याची खूण ठळक उमटते; दुसऱ्या एखाद्याची तितक्याच प्रमाणांत हजारों पट क्षीण. शिवाय सुईची जागा, वायूची उष्णता व मुखाचें छिद्र यंत्रागणिक निराळें. रसांतील साखर व अम्लेंही खूण दाबतात. म्हणून एकाच नमुन्याचा आंकडा एका यंत्रावर दहा लाख, तर दुसऱ्यावर दोनच लाख येऊं शकतो.

पूर्वीं गांवोगांवची पायली निराळी असे; तरी ज्वारी तुरीच्या किती पट, हें प्रमाण कोणत्याही एका पायलीनें तेंच निघे. एस्टोनियांतील तार्तु विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं हीच रीत धरून, एका ठरीव द्रव्याच्या तुलनेनें इतर द्रव्यें किती पट भारित होतात याची श्रेणी २०१० सालीं प्रसिद्ध केली. निरनिराळ्या यंत्रांवर ताडून पाहतां तिचा क्रम बहुतांशी टिकला. नुसते आंकडे मात्र टिकत नाहींत.

यास्तव पृथक्करणाचा कागद हातीं येतांच विचारावें: शुद्ध द्रव्याचें ठरीव प्रमाण त्याच पिकाच्या विषांशरहित अर्कांत मिसळून त्याच यंत्रावर मोजलें होतें काय? प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर यंत्रें निराळीं असूनही निकाल जुळावे. आणि फवारणीची तारीख, औषध व मात्रा वहींत टिपून ठेवावी. तंटा उद्भवल्यास शेतकऱ्याचा पुरावा तीच.