सरपंचबाईंना समजावणे

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तथापि सभेत सरपंचबाईंनी खर्चाचा तपशील विचारला, की 'ताई, त्याचे असे असते' ही प्रस्तावना पुष्कळदा ऐकू येते. मागितलेला असतो आकडा, मिळते ती शिकवण! अडाणी समजून बोलणे नवख्या पुरुष सदस्याच्याही वाट्याला येते, हे खरे. परंतु तो दोन-चार सभांत जुना होतो, बाई मात्र दुसऱ्या मुदतीतही नवख्याच मानल्या जातात. हा फरक अनुभवाचा नव्हे, स्त्री-पुरुषभेदाचा आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. तेथील मुद्दे इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवून ग्रामसभेपुढे वाचले गेले, तर 'बाईंना असे म्हणावयाचे आहे' असे सांगणाऱ्या मध्यस्थाची गरज उरत नाही.