युनिक्स-परंपरेतील संगणक आणि त्याला जोडलेली उपकरणे

संगणकाला बाहेरून एखादे उपकरण जोडले आणि संगणकाने त्याची दखलच घेतली नाही, हा अनुभव आता घरोघरी येतो. अशा वेळी आपण तार काढतो, पुन्हा खुपसतो आणि यंत्राच्या नावाने बोटे मोडतो. परंतु युनिक्स-परंपरेतील यंत्रणांत नकारालाही बहुधा कारण असते, आणि ते विचारून घेता येते. ते कसे, हे आमच्याच एका फजितीच्या आधारे सांगण्याचा विचार आहे.

मूळ युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविण्यास आरंभ केला. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच वळणावर लिनक्सचा गाभा लिहिला. १९७४ साली टॉमसन व रिची यांनी युनिक्सवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली आहे. बाहेरचे प्रत्येक उपकरण हीही एक फाइलच समजावी. तिला नाव असावे, ती उघडावी, वाचावी, तिच्यात लिहावे. आणि साध्या फाइलीला जी राखण असते तीच उपकरणालाही असावी. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील अर्धी कहाणी त्यातूनच निघते.

आमच्या भाच्याने मातीतील ओल मोजणारे एक लहानसे यंत्र केले होते. ते त्याने आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपला जोडले, आणि उत्तर आले, “परवानगी नाकारली.”

“मामा, सुडो लावतो, म्हणजे झाले!” असे म्हणून त्याने तो आज्ञार्थक शब्द पुढे लावला. सुडो म्हणजे घटकाभर मूळ अधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘रूट’च्या खुर्चीत बसणे. आकडे धडाधड येऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्याने सुडोवाचून कार्यक्रम चालविला, तेव्हा आदल्या दिवशीच्या नोंदवहीतच त्याला लिहिता येईना. वही रूटने उघडलेली, तेव्हा मालकी रूटची! मग त्याने उपकरणाच्या फाइलीचीच परवानगी सर्वांस खुली केली. ती तार काढीपर्यंत टिकली. कारण ही फाइल तबकडीवर कायमची ठेवलेली नसते. उपकरण जोडताच गाभा ती निर्माण करतो, ‘यूडेव्ह’ नावाचा व्यवस्थापक तिला नियमांप्रमाणे मालक व गट नेमून देतो, आणि उपकरण काढताच ती नाहीशी होते.

खरे उत्तर त्या फाइलीवरच लिहिलेले होते. ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ हे तिचे नाव. यादी मागितली की दिसते, मालक रूट, गट ‘डायलआउट’, आणि वाचण्या-लिहिण्याचा अधिकार या दोघांसच. डायलआउट हे नाव मोडेमच्या काळातले आहे. या दारातून बाहेर टेलिफोन लावता येई आणि बिल संस्थेच्या माथी येई, म्हणून कोणी लावावा हे ठरविणे भाग होते. मोडेम गेले, गट राहिला. (काही लिनक्स-वितरणांत गटाचे नाव निराळे असते, म्हणून पाठ करण्यापेक्षा यादी पाहावी हे बरे.) तेव्हा भाच्याने या गटात आपले नाव घालावयाचे, इतकेच काम होते.

ते काम ‘यूजरमॉड’ या आज्ञेने होते, आणि येथे एका अक्षराची किंमत फार मोठी आहे. आज्ञेत मोठ्या ‘जी’च्या आधी लहान ‘ए’ असेल, तर नवा गट जुन्यांत मिळविला जातो. ‘ए’ गाळला, तर जुने सारे पूरक गट पुसून नवाच तेवढा उरतो. भाच्याने ‘ए’ गाळला. पुन्हा प्रवेश केल्यावर डायलआउट मिळाला खरा, पण सुडोचा अधिकार गेला! स्वतःच्याच लॅपटॉपवर तो परका झाला. अखेर संगणक दुरुस्तीच्या मार्गाने सुरू करून रूटच्या खुर्चीतून त्याचे गट परत द्यावे लागले. आणखी एक गोष्ट. गटाची नोंद प्रवेशाच्या वेळी वाचली जाते. म्हणून आज्ञा बिनचूक देऊनही बाहेर पडून पुन्हा आत येईपर्यंत फरक दिसत नाही, आणि अधीर मनुष्य तेवढ्यात दुसरे काही बिघडवून बसतो.

पुढे ते यंत्र आमच्या वाचनालयातील संगणकास जोडावयाचे ठरले. गटाचे काम आधीच नीट करून ठेवले होते. पण येथे परवानगीचा प्रश्नच आला नाही, कारण फाइलच दिसेना.

अशा वेळी गाभ्याची रोजनिशी वाचावी. ‘डीमेसेज’ ही आज्ञा ती दाखविते. तार खुपसल्यावर तीत एकही नवी ओळ उमटली नाही, तर प्रथम तारेवर संशय घ्यावा. नुसती वीज वाहणाऱ्या, निरोप न वाहणाऱ्या तारा बाजारात पुष्कळ आहेत. आमच्या रोजनिशीत मात्र ओळी होत्या. उपकरण ओळखले, फाइल जोडली, आणि क्षणात ‘बीआरएलटीटीवाय’ नावाच्या कार्यक्रमाने ते ताब्यात घेतल्यामुळे फाइल सुटली!

हा कार्यक्रम अंध व्यक्तींच्या ब्रेल-पट्टीसाठी आहे. पडद्यावरील ओळ तो पट्टीवरील बारीक टाचण्या वर उचलून बोटांस वाचावयास देतो. यूएसबीचे प्रत्येक उपकरण आपला उत्पादक-क्रमांक व वस्तू-क्रमांक सांगते. भाच्याच्या यंत्रातील स्वस्त ‘सीएच३४०’ चिपचा क्रमांक ‘१ए८६:७५२३’. काही ब्रेल-पट्ट्यांतही हीच चिप असते, म्हणून त्या कार्यक्रमाच्या नियमांत हा क्रमांक होता, आणि ओलमापक त्याला ब्रेल-पट्टी वाटले. २०२२ च्या सुमारास हा तंटा पुष्कळांच्या वाट्यास आला, आणि ‘तो कार्यक्रम काढून टाका’ असा सल्ला सर्रास दिला गेला. भाच्यानेही तेच केले. यंत्र चालू लागले. आम्ही त्याची पाठ थोपटली.

शनिवारी आमचे एक अंध सभासद नेहमीप्रमाणे आले, आपली पट्टी जोडून बसले, आणि बराच वेळ बोटे फिरवून म्हणाले, “अहो, आज ओळच उमटत नाही. माझेच काही चुकले काय?” त्यांचे काही चुकले नव्हते. आम्हांस मान वर करवेना.

कार्यक्रम त्याच दुपारी परत बसविला. मग त्यांच्या पट्टीचा क्रमांक पाहिला. तो निराळा होता. म्हणजे तंटा नियमांच्या एका ओळीपुरताच होता. ती नियमावली ‘/ईटीसी’खालील यूडेव्हच्या नियमांच्या जागी त्याच नावाने उतरवून घेतली, तीत ‘१ए८६:७५२३’ची ओळ निष्प्रभ केली, आणि यूडेव्हला नियम पुन्हा वाचावयास सांगितले. या जागेतील नियमावली त्याच नावाच्या मूळ नियमावलीवर मात करते, आणि कार्यक्रमाची नवी आवृत्ती आली तरी पुसली जात नाही. मात्र मूळ नियमावलीत पुढे काही सुधारणा झाल्या तर त्या आपोआप मिळत नाहीत. अधूनमधून दोन्ही ताडून पाहाव्या लागतात, आणि ते काम भाच्याकडे दिले आहे.

त्या दिवशी ओलमापकाची तार काढून पुन्हा लावली. रोजनिशीत फाइल जोडल्याची ओळ आली, आणि या खेपेस ती सुटल्याची ओळ आली नाही. शेजारच्या खुर्चीत टाचण्यांची बारीक टकटक सुरू झाली होती.