सहलीला जाताय? मग बोलीही ऐका!

मळवली स्टेशनला उतरलं की एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. पावसाळ्यात दर रविवारी लोकल भरभरून माणसं येतात, भिजतात, कणसं-भजी खातात नि परततात. भाज्याला पाण्याच्या टाक्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, तो मात्र क्वचितच कुणी पाहतं. महारठी विण्हुदत, म्हणजे विष्णुदत्त, यानं हे टाकं दान दिलं, असं तो सांगतो. भाषा प्राकृत, आपल्या मराठीची पणजीच म्हणा ना! २०२४ साली दोघींनाही अभिजात दर्जा मिळाला.

आणि इथं मावळातल्या ठाकर-कातकरी वाड्यांतली मुलं वर्गात तोंड उघडायला बिचकतात. का, तर त्यांची बोली म्हणे ‘अशुद्ध’!

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सहलीला गावातली एखादी जाणती बाई वाटाड्या म्हणून घ्या. रानभाज्या, देवस्थानं, गडाच्या गोष्टी तिच्याच बोलीत ऐका. मोबदला आधी ठरवा, घासाघीस नको. फोटोही विचारूनच काढा. आईच्या बोलण्याला मान आणि दाम मिळतो हे लेकरानं पाहिलं, की तेही वर्गात धीटपणे बोलू लागेल.